घरासाठी मराठीत दिलेली साक्ष

मला लोकांची घरं बघायला फार आवडतं. त्यात लपवायचं काय! मुलाकडे परदेशात, फ्रीमाँटला आल्यापासून रविवारी कुठे घर विकायला काढल्याची पाटी दिसली की मी सूनबाईला म्हणते, थांबव गं गाडी. आम्हाला काही घ्यायचं नसतं. पण आत जायचं, नळ सोडून बघायचा, कपाटं उघडायची, ओट्याशी उभं राहून खिडकीतून काय दिसतं ते बघायचं आणि तिथे ठेवलेलं बिस्किट खाऊन यायचं. सूनबाई बिचारी दारातच उभी राहते.

"आई, त्यांना वाटतं आपण घेणार आहोत."

"वाटू दे ना. वाटण्याला काय भाडं पडतं?"

म्हणून ती पोरगी जेव्हा मला म्हणाली, की घर बघायला जायची मला भीती वाटते, तेव्हा मला हसूच आलं. घर बघायची भीती? म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर.

ती कोण, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई मधूनच सुरू करते.

आमचं इथे विहार आहे. विहार म्हणजे इमारत नाही हो, एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो, तिथे जमतो, वंदना होते, मुलं एकमेकांशी इंग्रजीत भांडतात, मग डबे उघडतात. एका एप्रिलमध्ये जयंतीला ठरलं, की नुसती भाषणं नकोत, गावातल्या फॅमिली शेल्टरमध्ये जेवण न्यायचं. ज्यांचं राहतं घर गेलं अशा लेकुरवाळ्या कुटुंबांना तिथे तात्पुरती खोली मिळते. आम्ही भात, वरण, कमी तिखटाची मटकीची उसळ असं घेऊन गेलो. तिथलं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं, परत कधी येणार? झालं. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार आमचा ठरलेला. मोठमोठ्या कंपन्यांतली आमची पोरं तिथे कांदे चिरतात. मला फार बरं वाटतं बघून.

मला आधी वाटायचं, शेल्टर म्हणजे बिनकामाची माणसं असणार. कसलं काय! सगळे सकाळी उठून कामावर जाणारे. कुणी शाळेची बस चालवतो, कुणी दवाखान्यात चादरी बदलते. ही पोरगी एका मोठ्या दुकानाच्या बेकरीत केक सजवायची. पोरगी म्हणते मी, पण दोन लेकींची आई. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची नावं क्रीमने लिहायची, फुलं काढायची. ती राहत होती ती इमारत विकली गेली, नव्या मालकाने भाडं असं वाढवलं की हिच्या आवाक्याबाहेर गेलं. मग मैत्रिणीचा सोफा, मग गाडी, मग शेल्टर. एवढीच तिची कहाणी. दारू नाही, जुगार नाही, काही नाही.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही बसा. तुमचे गुडघे बोलताहेत, मला ऐकू येतंय." आमची पोरं मला मावशी म्हणतात ते ऐकून तीही म्हणायला लागली, माव्शी. 'व'वर असा काही जोर, की मला दरवेळी वाटायचं, कुठली तरी नवीन पदवी मिळाली.

तर या पोरीला सरकारकडून व्हाउचर मिळालं होतं. म्हणजे भाड्याचा मोठा वाटा सरकार परस्पर घरमालकाला देणार, उरलेला ही देणार. लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात त्यासाठी. पण त्याला मुदत असते. मुदतीत घर मिळालं तर मिळालं, नाहीतर व्हाउचर परत जातं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळतं. तिने एकदा मुदत वाढवून घेतली होती. आणखी वाढेल का, ते कुणी सांगेना. आणि घर काही मिळेना.

मी सूनबाईला विचारलं, असं कसं? भाडं तर सरकार देतंय, मालकांचं काय दुखतं? सूनबाई म्हणाली, आपल्या राज्यात तर कायदाच आहे आई, व्हाउचर आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, बाई गं, नाही म्हणायला 'नाही' म्हणावं लागतंच असं कुठे आहे?

हे मला कुणी शिकवायला नको होतं. लग्न झालं आणि आमच्या ह्यांची बदली नागपूरहून लांब, दुसऱ्या टोकाच्या एका तालुक्याच्या गावी झाली. ट्रंक धर्मशाळेत ठेवून आम्ही खोली शोधत फिरायचो. मालकीण हसून खोली दाखवायची, विहीर दाखवायची, पाणी किती गोड आहे ते सांगायची. मग विचारायची, आडनाव काय म्हणालात? आम्ही सांगायचो. ती आत जायची आणि बाहेर येऊन म्हणायची, अगबाई, माझ्या जावेनं कालच दिली की हो कुणाला तरी. पुढच्या आठवड्यात जावं तर दाराला तेच कुलूप. हे एकदा वैतागून म्हणाले, दुसरं आडनाव सांगू. मी म्हटलं, सांगा, आणि मग आपली पोरं शाळेत काय सांगतील? शेवटी एका शिंप्याने दुकानामागची खोली दिली. त्याने नाव विचारलं ते फक्त हाक मारायला.

मी शिकलेली नाही, माझी चौथी झालेली. पुढचं जे आलं ते पोरांच्या पुस्तकांतून, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांतून. इंग्रजी इथल्या लायब्ररीत, म्हाताऱ्यांच्या वर्गात. पण 'जागा आत्ताच गेली' हे वाक्य मला कुठल्याही भाषेत ओळखता येतं. त्याचा सूरच वेगळा असतो.

मग आम्ही हिंडलो. ती बेकरीतून सुटली की बूट बदलायची, गाडीतच लेकींचे केस विंचरायची आणि मला घ्यायला यायची. धाकटी मागच्या सीटवर माझ्या मांडीवर पाय टाकून बसायची. मी म्हणायचे, "ताठ उभी राहा. आपण मागायला नाही आलो, भाड्याने घ्यायला आलो." माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण तिला कळायचं. एक मालक म्हणाला, इथे शेजारी फार शांत लोक आहेत. मी म्हटलं, मग आवाज करायला कुणीतरी हवंच की! ती बाहेर येऊन इतकी हसली की तिला गाडी सुरू करता येईना. पण घर काही मिळालं नाही. एकाने 'कळवतो' म्हटलं, ते अजून कळवतोय.

आणि मग ते घर आलं.

वरच्या मजल्यावरचं, दोन बेडरूमचं. थोरलीची शाळा बाल्कनीतून दिसायची. थोरलीने मैदान बघितलं आणि ती कठड्याला धरून उभीच राहिली, आत येईना. स्वयंपाकघरात उजेड होता. मी नळ सोडला, पाण्याला जोर होता. मनात म्हटलं, हे हिचं घर.

दाखवायला नवरा-बायको आले होते, पन्नाशीचे असतील. त्यांनी दार उघडलं तेव्हाच मला वाटलं, आपल्याकडचे दिसतात. बाईंच्या गळ्यात लांब मंगळसूत्र, त्याची वाटी ओळखीची. पण मी काही बोलले नाही. मी पँट, स्वेटर, डोक्याला लोकरीची टोपी, अशा अवतारात. तोंड उघडल्याशिवाय मी कुठलीही वाटते, सूनबाई म्हणतेच.

पोरीने सरळ सांगितलं, मला व्हाउचर आहे, आणि सध्या मी अमुक शेल्टरमध्ये राहते. लपवाछपवी नाही. गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, "हो हो, काहीच हरकत नाही, बघा ना तुम्ही आरामात." आणि आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीचं कपाट बघत असताना, दोन हातांवर, ओट्याशी उभे राहून ते मराठीत सुरू झाले. आवाजही कमी केला नाही हो!

आपल्या लोकांची ही इथली एक खोडच आहे. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे, मराठीत बोललं की जणू दार लावून घेतलं. समोरच्याच्या नाकाबद्दलसुद्धा बोलून मोकळे.

"अगं, ही व्हाउचरवाली निघाली."

"शेल्टरमधली? अहो, मग कशाला एवढं दाखवताय? गेली जागा म्हणून सांगा ना."

"असं डायरेक्ट नाही म्हणता येत, नोटीस येते. दुसरं अप्लिकेशन आलंय म्हणतो. दोन दिवसांनी मेसेज टाकू."

"पोरी बघा कशा हात लावताहेत सगळ्याला. भिंती खराब करतील. आणि ती म्हातारी कोण बरोबर?"

"काय माहीत. साउथची दिसते. कुणाची तरी कामवाली असेल."

मी कपाटाचं दार लावलं. स्वयंपाकघरात आले. म्हटलं, "म्हातारी नागपूरची आहे. आणि कामवाली नाही, पण तसं असतं तरी काय बिघडलं असतं?"

बाईंच्या हातातली किल्ली ओट्यावर पडली. गृहस्थच आधी सावरले.

"काकू! अहो... आधी नाही का सांगायचं, आपलेच आहात! बसा ना. म्हणजे, खुर्ची नाहीये, पण..."

"आपले म्हणजे?"

"म्हणजे मराठी हो! कुठल्या तुम्ही नागपूरच्या? आडनाव काय म्हणालात?"

"म्हणाले नाही अजून."

मग म्हणाले. चांगलं मोठ्याने, स्वच्छ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच गेलं. आमच्या पिढीला ते येणं-जाणं दिसतं.

"काकू, गैरसमज करून घेऊ नका," गृहस्थ म्हणाले. "आम्ही आपलं आपसांत बोलत होतो."

"मी पण आपसांतच सांगते आता," मी म्हटलं आणि पोरीला हाक मारली.

ती आली. तिला कळलं होतं की काहीतरी झालंय, पण काय ते कळलं नव्हतं. मी तिला तिथेच, त्यांच्यासमोर, सगळं सांगितलं. जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात. ह्यांनी हे म्हटलं, त्यांनी ते म्हटलं, दुसरं अप्लिकेशन नाहीये, दोन दिवसांनी खोटा मेसेज येणार आहे. भिंतींचं पण सांगितलं. मला म्हातारी म्हणाले तेही सांगितलं. काही वगळलं नाही आणि पदरचं काही घातलं नाही. माझ्या वेळची ती मालकीण आत जाऊन काय बोलायची ते मला कधी कुणी सांगितलं नाही. हिला निदान कळू दे.

मला वाटलं, ती रडेल नाहीतर ओरडेल. तिने थोरलीला जवळ घेतलं, गृहस्थांकडे बघितलं आणि म्हणाली, "मला अप्लिकेशन द्यायचंय. आज. आत्ता. इतरांचं जसं तपासाल तसं माझं तपासा. माझ्या नोकरीच्या ठिकाणी फोन करा, जुन्या मालकाला करा. मी एकदाही भाडं चुकवलेलं नाही." आवाज चढवला नाही. केकवर अक्षरं काढताना जसा हात स्थिर ठेवावा लागतो ना, तसा तिचा आवाज होता.

गृहस्थ म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स."

खाली आल्यावर तिने लेकींचे पट्टे लावले आणि गाडीत बसली. मग म्हणाली, "माव्शी, तुम्ही हे दुसऱ्या कुणासमोर सांगाल?"

मी म्हटलं, "ज्याच्यासमोर म्हणशील त्याच्यासमोर."

घरी सांगितलं तर सूनबाई स्वयंपाक सोडून उभी राहिली. माझी सून शांत आहे, पण त्या दिवशी तिने कणकेचा गोळा असा आपटला! "आई, तक्रार करायची. सोडायचं नाही." मी म्हटलं, तक्रार करायची की नाही, ते तिने ठरवायचं. घर तिचं अडलंय, आपलं नाही. मुलगा ऑफिसातून आला, त्यानेही ऐकलं, आणि जरा घुटमळत म्हणाला, "आई, तो माणूस आमच्या ओळखीतला निघाला तर? फ्रीमाँट एवढंसं आहे." सूनबाई म्हणाली, "मग ओळख होईल चांगली." मी पोळी तोंडात धरूनच हसले.

पोरीने ठरवलं. शेल्टरचं काम बघणाऱ्या बाईंना घेऊन ती फेअर हाउसिंगच्या ऑफिसात गेली. घर भाड्याने देताना कुणाशी भेदभाव झाला तर लोक तिथे जातात. त्या ऑफिसने मालकाला कळवलं, की अशी अशी तक्रार आहे, चौकशी होईपर्यंत घर दुसऱ्या कुणाला देऊ नका.

आणि आला फोन. माझा नंबर त्या गृहस्थांनी इथल्या मराठी मंडळातल्या कुणाकडून तरी मिळवला.

"काकू, काय हे? एवढ्याशा गोष्टीचं केवढं केलंत! आपण सगळे एकाच गणपतीला जातो."

"मी नाही जात. माझी सून जाते, तिला तिथले मोदक आवडतात."

"तसं नाही हो. आपलीच माणसं आपल्या माणसाविरुद्ध... इथे परक्या देशात आपणच एकमेकांना धरून राहायचं ना? मी काही वाईट माणूस नाही."

"मी कुठे म्हटलं वाईट? तुम्ही जे बोललात तेवढंच सांगणार आहे. वरून फोडणी नाही घालणार."

"पण तुम्हाला काय मिळणार त्यातून?"

"त्या पोरी शाळेत चालत जातील."

मग म्हणाले, "काकू, मला इथे आल्यावर सात ठिकाणी नाही म्हणाले होते, क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून. तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नाही?" मी म्हटलं, "माहीत आहे ना? मग झालं तर." फोन ठेवल्यावर मात्र मला त्या माणसाचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मंडळातही कुजबुज झालीच. लायब्ररीत नेहमी माझ्या शेजारी बसणाऱ्या एक काकू दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. विहारात मात्र वंदना झाल्यावर आमच्या पोरांनी मला उभं केलं, सगळं सांगायला लावलं आणि टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, टाळ्या कसल्या वाजवता, अजून घर कुठे मिळालंय? त्या पोरीच्या व्हाउचरची मुदत संपत आली होती. चौकशी चालू आहे म्हणून मुदत वाढवा असा अर्ज शेल्टरच्या बाईंनी केला होता, पण उत्तर आलं नव्हतं. पोरगी त्या दिवसांत नीट जेवायची नाही. मी उसळ वाढली की लेकींच्या ताटात सरकवायची.

मग मला बोलावलं, जबाब द्यायला. ऑफिसातल्या बाईंनी आधी विचारलं, तुम्हाला कुठल्या भाषेत बोलायचंय? मी म्हटलं, जे ऐकलं ते मराठीत ऐकलं, तर मराठीतच सांगेन. मला वाटलं, म्हणतील, ते जमणार नाही. पण त्यांनी फोन लावला आणि त्या फोनमधून कुठून तरी लांबून एका मुलीचा आवाज आला, "नमस्कार, मी दुभाषी आहे, तुम्ही सावकाश बोला." पुणेरी होती, बोलण्यावरून कळलंच मला.

मी सुरुवातीपासून सांगितलं. ओटा, कपाट, कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं. मी थांबले की ती इंग्रजीत सांगायची आणि ऑफिसातल्या बाई लिहून घ्यायच्या. एका ठिकाणी ती मुलगी अडखळली.

"आजी, इथे... 'वयस्कर महिला' असं सांगू का?"

"नाही. म्हातारी म्हणाले. म्हातारीच सांग."

"बरं." आणि तिला हसू आवरेना, ते मला ऐकू आलं. मग 'साउथची दिसते'ला ती हसली नाही.

शेवटी ऑफिसातल्या बाईंनी सगळं वाचून दाखवलं. त्या मुलीने ते परत मराठीत मला सांगितलं, आणि बरोबर असेल तर सही करा म्हणाली. मी माझं अख्खं नाव लिहिलं. आडनाव देवनागरीत लिहू का, विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही जशी सही करता तशी करा. मी मराठीत केली. सूनबाई शेजारी बसली होती, तिचे डोळे भरून आले. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर माझेही आले असते, आणि मग त्या बाईंना वाटलं असतं, काहीतरी खोटं सांगितलं म्हणून रडतेय.

मला तुम्हाला हे सांगायचंय, की मला फार अभिमान वाटला त्या दिवशी. माझ्या आयुष्यात मला दारातून परत पाठवलं, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. कायदा तिथेही होता म्हणतात, पण आमच्या त्या गल्लीपर्यंत तो कधी आला नाही. इथे एका पोरीसाठी, जी माझ्या जातीची नाही, देशाची नाही, माझं बोलणं सरकारी टेबलावर ठेवलं गेलं, आणि तेही माझ्या भाषेत. मी घरी येऊन ह्यांच्या फोटोला सांगितलं सगळं. हे असते तर म्हणाले असते, एवढं बोललीस, पाणी तरी प्यायलीस का मध्ये?

मुदत वाढून मिळाली. आणि थोड्याच दिवसांनी मालकाच्या वकिलाने कळवलं, की आम्ही मिटवायला तयार आहोत. तिचं अप्लिकेशन सगळीकडून चांगलंच होतं, नाकारायला कारण सापडण्यासारखं नव्हतंच. घर तिला द्यायचं, नेहमीच्या अटींवर. आणि नवरा-बायकोंनी भेदभावाच्या कायद्याचा वर्ग करायचा, असं ठरलं.

मी तिला विचारलं, "तुला खरंच राहायचंय का त्यांच्या घरात? एवढं बोलले ते तुला."

तेव्हा ती बेकरीचा एप्रन घालून, हाताला निळं क्रीम लागलेलं, दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. म्हणाली, "माव्शी, मी त्यांना आवडायलाच हवी असं काही नाही. मला ते घर हवंय. आवडते की नाही ते नंतर बघू."

मी किती घरं बघितली आयुष्यात, पण असं बोलणारी भाडेकरू नाही बघितली.

किल्ली द्यायला मालक स्वतःच आले. मी होते तिथे. मला बघून जरा चपापले, मग वाकून नमस्कार केला. मीही आशीर्वाद दिला, देऊ नये असं काही नव्हतं. त्यांनी सिंकखालचं गळतं नळकांडं स्वतः गुडघ्यावर बसून घट्ट केलं, आणि पोरीला इंग्रजीत म्हणाले, काही बिघडलं तर फोन करा, मी लगेच येईन. वर्ग कसा चाललाय, मी मराठीत विचारलं. म्हणाले, "काकू, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे." मी म्हटलं, नापास होऊ नका. बाई आल्या नव्हत्या. त्या अजून कधी समोर आल्या की पर्स उघडून काहीतरी शोधायला लागतात. असू दे.

शेल्टरमध्ये खोल्यांना दारं होती, पण ती सगळ्यांची दारं होती. तिथली माणसं चांगली, पण टकटक केली की लगेच आत येणार, तपासणार, मोजणार. नियमच होता तसा.

परवा मी गेले होते त्यांच्याकडे. विहारातून उरलेली उसळ आणि भात गरम करून, डब्यात भरून, न सांगताच. बेल वाजवली. आतून पळत येणारे पाय ऐकू आले आणि मग काहीच नाही. दार बंदच.

"कोण आहे?" धाकटीचा आवाज. इंग्रजीत, चांगला जाड करून.

"मी. मावशी."

"कुठली मावशी?"

बघा आता! माझ्या मांडीवर पाय टाकून अर्धं फ्रीमाँट हिंडलेली ही पोरगी!

"उसळवाली मावशी."

आत कुजबुज झाली. मग ती म्हणाली, "थांबा. मी आईला विचारून येते. तिने हो म्हटल्याशिवाय मी कुणालाही आमचं दार उघडत नाही."

आणि पाय पळत गेले. डबा गरम होता, हाताला चटका बसत होता, गुडघे बोलत होते. मी उभी राहिले बाहेर, पायपुसण्यावर. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि लेक ओरडून म्हणाली, "माव्शी आहे! घ्यायची का आत?"